तिसऱ्या धबधब्यामागे

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: जंगलात येण्याचं कारण.
सगळे तिथे 'धबधबा' लिहितात.
तोकुझो नारुमींनी पेन्सिल जिभेवर ओली केली,
बराच वेळ कागदावर नुसती टेकवून ठेवली
आणि लिहिलं: 'पातेलं'.

मी चौकीवरची बाई. शिक्का माझ्याकडे.
नियम समजावून सांगणं हे माझं काम,
बहुतेकदा पालथ्या घड्यावर पाणी.
म्हटलं, आजोबा, इथून वाळकं पानसुद्धा नेता येत नाही.
म्हणाले, न्यायचंय कुणाला? बघायचंय.

त्यांचे वडील मातागी. अस्वलाच्या मागावर
तीन-तीन रात्री याच उतारांवर काढणारे.
मग जंगल राखीव झालं,
नकाशावरची रेघ नेमकी त्यांच्या पायवाटेवरून गेली.
भाला माळ्यावर. वाटेवर सासाचं गवत चढलं, माणसाच्या उंचीचं.
मी तेव्हा जन्मलेही नव्हते,
तरी त्यांच्याशी बोलताना माझी नजर
शिक्क्याच्या शाईवर असते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी सोबत निघाले.

पहिला धबधबा सगळ्यांचा. कठडा, पाटी,
सेंडाईहून आलेलं जोडपं, दोघांच्या पाठीला घंटा,
अस्वलांनी लांब राहावं म्हणून.
एवढ्या आवाजानं, आजोबा पुटपुटले,
मीच लांब राहीन.

पुढे घळीत जून महिन्यातही बर्फ होता,
मळका, वर पानांचा भुगा,
आणि खालून कुठेतरी पाणी आपली वाट खात चाललेलं.
बूनाच्या एका खोडावर त्यांनी तळवा ठेवला.
नखांचे पाच ओरखडे, झाडाबरोबर रुंद होत गेलेले.
'हे माझ्या बापाच्या हातून सुटलेलं.'
सुटलेलं म्हणताना
आवाजात कुठे हळहळ नव्हती.

दुसऱ्या धबधब्यापाशी गुडघा संपला.
तुषारांत बसून त्यांनी भाताचा गोळा सोडला,
अर्धा मला दिला.
तू जा, म्हणाले. पाण्याच्या मागे, डाव्या हाताला,
कोरडी कपार आहे. मी चौदा वर्षांचा होतो.
निघताना भांडं पालथं घालायचं,
म्हणजे पुढे येणाऱ्याला कोरडं मिळतं.
बापानं घातलं होतं, मी पाहिलंय.
फक्त सांग मला,
पालथं आहे की सुलटं.

तिसऱ्याला नकाशावर नाव नाही, आकडा आहे.
शेवाळावरून हातापायांवर गेले.
समोरून तो कानठळ्या बसवतो,
पण मागे शिरलं की आवाज एकदम घरगुती होतो,
शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ धुतंय असा.

पातेलं होतं.
गंजून लाल, कडी एका बाजूनं सुटलेली.
सुलटं.
छताच्या ठिबक्यानं काठोकाठ भरलेलं.

कुणी बघत नव्हतं. म्हटलं, घालावं पालथं,
म्हाताऱ्याला सांगावं, जसं होतं तसंच आहे.
दोन्ही हात काठाला लावले
आणि पाण्यात काहीतरी दचकलं:
बेडकाची पिल्लं,
स्वल्पविरामाएवढी, सात-आठ.

खाली आले तेव्हा ते बुटातला खडा काढत होते.
'सुलटं,' मी म्हटलं.
खडा हातात धरून ते गप्प.
म्हणजे नंतर कुणीतरी येऊन गेलं, म्हणाले.
शिकवलं नसेल त्याला कुणी.
मग मी पिल्लांचं सांगितलं.
हसू आधी खांद्यांना आलं, तोंडाला नंतर.
'मग राहू दे,' म्हणाले,
'वापरात आहे.'

बाहेर पडतानाच्या फॉर्मवर विचारतात:
जागेवरून काही हलवलं का?
नाही, त्यांनी लिहिलं. मी शिक्का मारला.
चौकीत उभ्या उभ्या चहा घेतला,
घेतलेला कप स्वतः विसळला
आणि जाताना माझ्या टेबलावर
पालथा ठेवून गेले.